लाल विटांवरचं प्लास्टर

आमचा क्लायंट इथलाच अरब, पण शिकला इंग्लंडात. तिथे ज्या जुन्या विटांच्या घरात तो भाड्याने राहायचा, हुबेहूब तसंच घर त्याला खलिफा सिटीत हवं होतं. उंच खिडक्या, उतरतं छप्पर आणि वर चिमणीसुद्धा! पंचेचाळीस डिग्रीत शेकोटी कोण पेटवणार, हे विचारायची ऑफिसात कुणाची छाती झाली नाही.

इथे भिंत म्हणजे सिमेंटचे ब्लॉक आणि वर प्लास्टर. उघड्या विटांचं काम कुणी केलेलंच नव्हतं. मी मात्र पुण्यात डिप्लोमाला इंग्लिश बाँड घोटून पाठ केलेला: एक थर विटांच्या लांब बाजूंचा, एक आखूड बाजूंचा, कोपऱ्याजवळ उभी चिरलेली वीट, म्हणजे सांध्यावर सांधा येत नाही. "मला येतं," म्हणत मी ड्रॉइंग ओढून घेतलं. आधी नमुन्याची एक भिंत बांधायची, ती क्लायंटला पटली तरच काम आमचं, असं ठरलं.

तो यायच्या आदल्या दिवशी सकाळी साइटवर गेले आणि पायाखालची वाळूच सरकली. माझ्या लाल भिंतीला वरपासून खालपर्यंत ओलं प्लास्टर! माझं डोकं फिरलं. फोरमन केरळचे, वयाने माझ्या वडिलांएवढे. त्यांना सगळ्या कामगारांसमोर मी तोंडाला येईल ते बोलले. "आँखें बंद करके काम करते हो क्या?"

त्यांनी ड्रॉइंग उलगडून कोपऱ्यातल्या ओळीवर बोट ठेवलं: सर्व भिंतींना दोन्ही बाजूंनी प्लास्टर. आमच्या प्रत्येक ड्रॉइंगवर असते ती नोट, मीच सवयीने चिकटवलेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "सॉरी चाचा, गलती मेरी है," मीही सगळ्यांसमोरच म्हणाले.

"खलास मॅडम, हो गया. सूखने से पहले निकालते हैं, यल्ला, चलो!" म्हणत त्यांनी माझ्या हातात ब्रश दिला. दुपारपर्यंत आम्ही सगळे खरवडत, धूत होतो. तरी विटांवर पांढुरकी झाक राहिलीच. घरी नवऱ्याला सांगून टाकलं, काम गेलं.

दुसऱ्या दिवशी क्लायंट बराच वेळ भिंतीवरून हात फिरवत राहिला. इथल्या बऱ्याच जणांसारखं त्याला हिंदी येतं. "बिलकुल वही घर," तो म्हणाला. "लेकिन ईंट तो नई है. ये पुराना लुक कैसे दिया?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात फोरमन माझ्याकडे न बघता म्हणाले, "सर, मॅडम के ड्रॉइंग में था."