धायरीच्या वसुधाताई

माझा बाबा वारला तेव्हा मला सांगण्यात आलं, तो ऑनसाइट गेलाय.

सात वर्षांची होते मी. आम्ही पुण्यात वारज्याला नव्या बिल्डिंगमध्ये राहायचो. बिल्डिंगमधले निम्मे बाबा हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत जायचे आणि त्यातला एखादा कायम ऑनसाइट, म्हणजे कंपनीच्या कामाला अमेरिकेत असायचा. त्यामुळे थाप खपण्यासारखीच होती.

थाप आजीची. म्हणजे बाबाच्या आईची. पोर लहान आहे, तिला कशाला सांगायचं, एवढाच तिचा हेतू. आई तेव्हा कशालाच नाही म्हणायच्या अवस्थेत नव्हती.

खरं हे होतं, की सकाळी ऑफिसला जाताना हायवेवर बाबाच्या बाइकला ट्रकने उडवलं. मला त्याच दिवशी मावशीकडे पाठवलं. परत आले तर आईच्या कपाळावर टिकली नव्हती.
विचारलं, तर म्हणाली, ॲलर्जी आलीये.

बाकीच्यांचे ऑनसाइट बाबा रविवारी फोन करायचे.
माझा करत नव्हता.

मग मी बोलणं बंद केलं. घरात, शाळेत, सगळीकडे.
आधी लाड झाले, मग धपाटे झाले, मग कान तपासून झाले. कान उत्तम होते. शेवटी शाळेतल्या बाईंनी आईला धायरीचा एक पत्ता दिला.

तिथे वसुधाताई होत्या.
आज पहाटे त्या गेल्या. म्हणून हे लिहितेय.

कॉलेजातली मानसशास्त्र शिकवायची पर्मनंट नोकरी सोडून ताईंनी धायरीत दोन खोल्या घेतल्या होत्या. अपघात, आग, घरातली मारहाण, कुणाचं तरी अचानक जाणं. असलं काही पाहिलेली, सोसलेली मुलं त्यांच्याकडे यायची. काउन्सेलर हा शब्द तेव्हा आमच्या घरात कुणाच्या तोंडी नव्हता. वेड्यांच्या डॉक्टरकडे नेतेस का तिला, असं आजीने आईला विचारलं होतं.

ताईंनी मला एकदाही ‘बोल’ म्हटलं नाही.
सतरंजीवर खेळणी पसरलेली असायची. मी खेळायचे. त्या शेजारी बसायच्या. आई बाहेर.

असे बरेच शनिवार गेले. त्या खेळण्यांत एक प्लास्टिकचा फोन होता. तो मी एका बाहुल्याच्या कानाला लावायचे आणि दुसऱ्या हाताने बाहुलीच्या तोंडावर बोट ठेवायचे. दर वेळी हेच.

एका शनिवारी त्यांनी अगदी सहज विचारलं, “हिला गप्प बसायला कुणी सांगितलं गं?”

“बाबाने.”

कित्येक दिवसांनी मला माझाच आवाज ऐकू आला.

मग सगळंच बाहेर आलं. त्या सकाळी बाबा ऑफिसच्या फोनवर होता आणि मी त्याच्याभोवती बडबडत होते. थोडा वेळ गप्प बस ना बाळा, तो म्हणाला. फोन संपला आणि तो घाईत निघून गेला. मला वाटलं, चिडून गेलाय. म्हणून फोन करत नाही. मी नीट गप्प बसले की करेल.

ताईंनी मला बाहेर बसवलं आणि आईला आत घेतलं. आत काय झालं ते आईने मला खूप वर्षांनी सांगितलं. देवाघरी गेला, झोपला, तारा झाला, यातलं काहीही म्हणायचं नाही, असं ताईंनी बजावलं. वारला म्हणायचं. मला नाही जमणार, आई म्हणाली. मी शेजारी बसते, ताई म्हणाल्या.

आणि बसल्या.

आईने सांगितलं. मी रडले नाही. मी विचारलं, मी बडबड केली म्हणून?

ताईंनी माझा हात हातात घेतला.

“नाही सायली. तू बोललीस म्हणून तो गेला नाही. आणि तू गप्प बसलीस म्हणून तो परत येणार नाही.”

तेव्हा मी रडले. आईही. आम्ही दोघी एकत्र अशा पहिल्यांदाच.

आजी भडकली. पुढच्या शनिवारी जाब विचारायला स्वतः धायरीला आली. ताईंनी तिचं सगळं ऐकून घेतलं.

“आजी, तुमचा मुलगा गेला,” त्या म्हणाल्या. “तुमच्याशी कुणी बोललं का हो त्याच्याबद्दल?”

आजी सतरंजीवर बसली.
त्या दिवशीची माझी वेळ आजीनेच घेतली. मी आणि आई बाहेर बाकावर शेंगदाणे खात बसलो.

त्यानंतर आजीने बाबाचा फोटो हॉलमध्ये लावला. जेवताना त्याचं नाव निघायला लागलं. तो कसा घोरायचा, भेंडी बघून कसलं तोंड करायचा. रडू यायचं तसं हसूही यायला लागलं. एकदम नाही, हळूहळू. आईही कितीतरी दिवस ताईंकडे एकटी जात होती.

पुढे मीही हिंजवडीतच लागले. ताईंना सांगायला गेले तर म्हणाल्या, काम काय असतं? दिवसभर क्लायंटशी कॉलवर बोलायचं, मी म्हटलं.
“म्हणजे आता बोलायचा पगार घेतेस. बरंय.”

तेवढ्यात गळ्यात कंपनीचं आयकार्ड घातलेले एक गृहस्थ आत डोकावले. मुलगा नॉर्मल कधी होईल, अंदाजे तारीख मिळेल का, असं विचारत होते.
“हे सॉफ्टवेअर नाही हो. आपण आत या, बसा,” ताई म्हणाल्या. आणि मग दार लावून त्यांच्यापाशी तासभर बसल्या.

आज दुपारी वैकुंठ स्मशानभूमीत गर्दी होती. माझ्या वयाचे कितीतरी जण. काही अजून कॉलेजातले. कडेवर मुलं घेऊन आलेल्याही होत्या. बहुतेक एकमेकांना अनोळखी.

एरवी अशा ठिकाणी लोक विचारतात, तुम्ही त्यांच्या कोण?
आज कुणी कुणाला विचारलं नाही.

एक दाढीवाला उंच माणूस भिंतीकडे तोंड करून रडत होता. आई त्याच्याजवळ गेली. त्याचं रडणं थांबेपर्यंत नुसती शेजारी उभी राहिली.

वसुधाताई, आम्ही सगळे बरे आहोत.
तुम्हाला मनापासून नमस्कार. सुखाने जा.