दोष हेडलाइटचाच

आमच्या घरात चूक कधी माणसाची नसते. भाजी खारट झाली तर मिठाची, घड्याळ मागे पडलं तर सेलची, आणि तिलवाऱ्याच्या पुलाअलीकडे रस्त्यात उभी असलेली ट्रॉली दिसली नाही तर हेडलाइटची. हा शेवटचा शोध आमच्या ह्यांचा.

झालं असं, की एप्रिलात आम्ही नागपूरहून गाडीनं जबलपूरला परत येत होतो. मुलगी तिथं असते. तिचं डोहाळजेवण आटोपून निघालो होतो. दिवेलागणीची वेळ. समोर रस्त्याच्या कडेला भुशानं भरलेली ट्रॉली उभी. मागे दिवा नव्हता, कबूल, पण ट्रॉलीएवढी ट्रॉली! मला ती केव्हाची दिसून राहिली होती. म्हटलं ह्यांनाही दिसत असेल, आणि गाडी चालवताना मी मध्ये बोललेलं ह्यांना खपत नाही, म्हणून गप्प बसले. शेवटी ओरडलेच. ब्रेक लागला, मागच्या सीटवरचे डबे धाडकन खाली पडले आणि गाडी ट्रॉलीपासून हातभर अंतरावर थांबली. ह्यांनी दिवे एकदा बंद-चालू करून पाहिले. मग म्हणाले, "या गाडीच्या लाइटात काही दम राहिला नाही."

"लाइटात की डोळ्यांत?" मी म्हटलं.

झालं, विजय नगरात घराच्या फाटकापर्यंत अबोला.

ह्यांच्या डोळ्यांविषयी बोलणं म्हणजे आमच्याकडे कुळाचा अपमान. जन्मभर रिछाईच्या एका कारखान्यात हे इन्स्पेक्शनला होते. मशीनवरून निघालेला पार्ट ह्यांच्या टेबलावर यायचा, हे तो उजेडात धरायचे, आणि पास की रिजेक्ट ते सांगायचे. केसाएवढी चीर ह्यांच्या नजरेतून सुटायची नाही. निवृत्तीनंतर तीच नजर घरात आली. माझ्या पोळ्या पास-रिजेक्ट होऊ लागल्या, माझ्या साडीच्या निऱ्या, कामवालीनं पुसलेली फरशी. हल्ली मात्र पोळ्या एकजात पास होऊन राहिल्या होत्या. एक तर माझा हात सुधारला होता, नाहीतर दुसरं काही बिघडलं होतं. या वयात हात सुधारत नसतो, एवढं मला कळतं.

डॉक्टरकडे न जाण्याचं खरं कारण मला ठाऊक होतं, आणि मला ते ठाऊक आहे हे ह्यांनाही ठाऊक होतं. माझ्या सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन बिघडलं आणि एक डोळा कायमचा गेला. पुढे ते दाराच्या चौकटीला हात लावून घरात फिरायचे. हे तेव्हा कॉलेजात होते. त्याविषयी हे कधीच बोलत नाहीत. मीही काढत नाही. पण नेत्रालयाची पाटी दिसली की हे आजही रस्ता ओलांडून पलीकडून चालतात.

आणि मुलीला मात्र छातीठोकपणे सांगून आलेले, "जूनमध्ये तू फक्त फोन कर. जेव्हा म्हणशील तेव्हा गाडी काढतो, रात्र असो की दिवस." ती बिचारी निर्धास्त झाली. मी नाही. त्या रस्त्यानं पुन्हा ह्यांच्या शेजारी बसायची माझी तयारी नव्हती. "रेल्वेनं जाऊ," म्हटलं तर म्हणे, "घरची गाडी असून?" "मग मी चालवते," म्हटलं तर नुसतं हसले. माझ्याकडे लायसन्स आहे बरं का. शिकलेय रीतसर. शाळेत नोकरी होती तोवर सारं जबलपूर स्कूटीवर पालथं घातलं. पण गाडीची किल्ली मला मिळते ती फक्त डिक्कीतून गव्हाचं पोतं काढायला.

तर मे महिन्यात पार्सल आलं. त्यात काचेचे दोन गोळे, एका बाजूनं सपाट, एका बाजूनं फुगीर. प्रोजेक्टर लेन्स म्हणे. जुन्या पिवळ्या पडल्यात, या नव्या घातल्या की रस्त्यावर दिवस उजाडतो. हे ज्ञान मोबाइलवरच्या व्हिडिओतून मिळालेलं. व्हिडिओतल्या माणसाचे केस काळेभोर होते आणि त्याच्यामागे सुसज्ज गॅरेज होतं. आमच्याकडे पोर्च, स्क्रू फिरवायचा एक पेचकस आणि शेजारचे भैया.

शेजारचे भैया हे ह्यांचे कारखान्यापासूनचे दोस्त. जगात असं एकही काम नाही जे त्यांनी केलेलं नाही, आणि असं एकही नाही जे त्यांनी पूर्ण केलंय. "अरे भाभीजी, इसमें क्या है! बम्पर खोलो, लाइट निकालो, गरम करो, काँच अलग. आधे घंटे का काम," म्हणाले. मी म्हटलं चलो, चहा ठेवते. तो चहा पुढे आठवडाभर ठेवून राहिले होते.

बंपर निघाला. निघताना त्याच्या खुंट्या तुटल्या. "ते नंतर पाहू," असं ठरलं. हेडलाइट निघाला. आता पुढचं पारदर्शक झाकण काळ्या डिंकानं घट्ट चिकटवलेलं असतं, ते सोडवायला गरम करावं लागतं. दोघं हेडलाइट घेऊन माझ्या स्वयंपाकघरात! लेकीनं दिलेल्या ओव्हनचं दार उघडून, हेडलाइट आडवा, उभा, तिरपा करून पाहत होते. ज्या ओव्हनमध्ये मी नानकटाई करते त्यात! मी हातात लाटणं घेऊन उभी राहिले.  बोलावं लागलंच नाही. शेवटी मुलीचं जुनं केस वाळवायचं यंत्र कपाटातून निघालं, आणि पोर्चमध्ये बसून दोन पोक्त गृहस्थांनी हेडलाइटचे केस वाळवले. रस्त्यानं जाणारे थांबून पाहत होते. मी पडदा ओढून घेतला.

झाकण सुटलं. जुन्या लेन्स निघाल्या. त्या खरंच पिवळ्या होत्या, हे मला मान्य करावं लागलं. ह्यांनी ती पिवळी काच माझ्या नाकासमोर धरली. "पाहिलं? आता बोल."  वाटलं, खरंच हेडलाइटचाच दोष असला तर? असू दे बाप्पा. मी हरते. हरायला मला काय होतंय.

पण इन्स्पेक्शनवाला माणूस. नवे पार्ट बसवायच्या आधी साफ पाहिजेत म्हणून ह्यांनी दोन्ही लेन्स भांड्यांच्या साबणानं धुतल्या आणि वाळवायला गच्चीवर नेल्या. गच्चीवर माझ्या कुरडया. जुन्या चादरीवर पहाटेपासून घातलेल्या, चादर उडू नये म्हणून कडेला विटा. ह्यांनी काय करावं? दोन विटांच्या फटीवर लेन्स ठेवल्या, खालून हवा लागावी म्हणून. वरून जबलपूरचं मे महिन्याचं बाराचं ऊन. आणि स्वतः टाकीच्या सावलीत खुर्ची टाकून राखण करत बसले. कुरडयांची नव्हे, लेन्सची.

मी जिन्यात होते तेव्हाच वास आला. वर आले तर लेन्सच्या खाली चादरीला भोक, त्याच्या कडा लाल, आणि धुराची बारीक रेघ सरळ वर चाललेली. हे समोर बसलेले. तोंड तिकडेच.

"अहो, चादर जळून राहिली!"

"कुठं?" हे म्हणाले.

मी तांब्याभर पाणी ओतलं. भोकाभोवतीच्या कुरडया काळ्या झाल्या होत्या. मी सोडते होय! म्हटलं, "लेन्स फारच जोरदार आहे हो, मारा पासचा शिक्का. रात्री रस्त्यात उजेड, दुपारी घराला आग." शेजारच्या भैयांना हे कळल्यावर ते पोट धरून हसले. हेही हसले. मीसुद्धा हसले. पण तो "कुठं?" माझ्या डोक्यातून जाईना. धूर हातभर अंतरावर होता आणि माणूस त्याच्याकडेच पाहत होता.

लेन्स बसल्या. हेडलाइट जागेवर गेले, बंपर तारेनं बांधला. राहिलं ते उजेड जुळवणं. समोरच्या मोकळ्या प्लॉटला पांढरी भिंत आहे. गाडी तिच्यासमोर उभी करायची, दिवे लावायचे. भिंतीवर उजेडाची कड पडते, खाली उजेड, वर अंधार. हेडलाइटमागचा स्क्रू फिरवून ती कड योग्य उंचीवर आणायची, नाहीतर समोरच्याच्या डोळ्यांत जातो. ह्यांनी टेप लावून माप घेतलं, पेन्सिलीनं खूण केली. सूर्य बुडाला होता, अंधारायला लागलं होतं. ह्यांनी दिवे लावले.

काय सांगू, मी तोंड उघडंच ठेवून पाहत राहिले. भिंतीवर अशी रेषा उमटली, सुरीनं कापल्यासारखी. खाली दुधाळ पांढरा उजेड, वर काही नाही. "वाह भाई साहब, क्या काट है!" शेजारचे भैया टाळी वाजवून ओरडले. मलाही कौतुक वाटलं. माणसानं जिद्दीनं केलं होतं काम.

हे बोनेटजवळ उभे राहून पाहत होते. डोळे बारीक करून. बराच वेळ.

"फोकस आउट आहे," हे म्हणाले. "कड फुटून राहिली. एकाच्या दोन दिसतात. माल खराब पाठवला. रिजेक्ट."

शेजारच्या भैयांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे. "नहीं भाई साहब, लाइन तो एकदम..." ते सुरू झाले, तेव्हा मी म्हटलं, "भैया, भाभीला तळलेल्या कुरडया देऊन या ना, ताटात काढून ठेवल्यात. गरम आहेत." कुरडया सकाळच्या होत्या. पण ते शहाणे, चुपचाप गेले.

महिनाभर मी याच क्षणाची वाट पाहत होते. वाक्यसुद्धा पाठ करून ठेवलं होतं: बघा, सांगत होते ना. ते तोंडात आलंच नाही.  देवा, ह्यांना खरंच दिसत नाहीये. वादात मी म्हणत होते ते वेगळं आणि हे वेगळं.

"तुला किती दिसतात?" ह्यांनी भिंतीकडे पाहतच विचारलं.

"एक."

"साफ?"

"साफ."

ह्यांनी उजवा डोळा झाकून पाहिलं. मग डावा. टेबलावर पार्ट तपासायचे तसं, घाई न करता. मग भिंतीपाशी गेले, आणि अंगावर तो सगळा उजेड घेऊन भिंतीवर बोट ठेवलं. "इथं आहे का?"

"थोडं वर."

बोट वर सरकलं. "इथं?"

"अजून जरासं. हां, तिथं."

बोट तसंच राहिलं. पाठ माझ्याकडे. म्हणाले, "बाबा पण म्हणायचे. देवाजवळची समई एक असली तरी दोन दिसतात. आम्ही हसायचो."

मी पुढे जाऊन ह्यांचा शर्ट मागून धरला. भर रस्त्यावर, विजय नगरात, लोक फिरायला निघायच्या वेळेला. "मला भीती वाटून राहिली हो," मी म्हटलं. "तुमच्यापेक्षा जास्त."

"मग पेचकस घे," हे म्हणाले. "मी पेन्सिलीच्या खुणेवर बोट ठेवतो. रेषा बोटावर येईपर्यंत फिरव. आणि हळू फिरव, गव्हाचं पोतं नाही ते."

त्या संध्याकाळी हेडलाइट मी जुळवले. हे भिंतीशी बोट धरून उभे, मी बोनेटखाली वाकलेली. "आली का?" "नाही आली." "आता?" "थांबा हो, काहून घाई करता!" शेजारचे भैया कुरडया खात फाटकातून पाहत होते, आणि एकदाही सल्ला दिला नाही. हा त्यांच्या आयुष्यातला पहिलाच प्रसंग असावा.

सकाळी मी ओट्याजवळ होते. हे आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून आले. "तो डोळ्यांचा दवाखाना किती वाजता उघडतो?" म्हणून विचारलं, आणि गाडीची किल्ली ओट्यावर ठेवली. कणकेच्या परातीशेजारी. गव्हाचं पोतं डिक्कीत नव्हतं.

मी हात धुतले. सीट पुढे ओढली, आरसे माझ्या उंचीला आणले. डावीकडून येऊन शेजारी बसले. इतक्या वर्षांत या सीटवर हे कधी बसलेलेच नाहीत. दार लावलं आणि उजवा खांदा चाचपू लागले, पट्ट्यासाठी. सवयीनं. तिथं पट्टा नव्हता. पुन्हा चाचपलं.

"अहो, इकडच्या सीटचा पट्टा डाव्या हाताला असतो," मी म्हटलं, आणि वाकून लावून दिला.