परागीभवनाचा पाठ

बी.एड.च्या दुसऱ्या वर्षी आम्हाला वर्गात वापरायची तंत्रसाधनं शिकवायला सुरुवात झाली, तेव्हा आमच्या तुकडीत सगळ्यात जास्त आनंद मला झाला असावा. बाकीच्या मुली भिंतीवरच्या त्या मोठ्या स्मार्ट बोर्डकडे जरा बिचकूनच बघत होत्या. बोट लागून काही बिघडलं तर भरून कोण देणार, अशी कुजबुज चालली होती. मला मात्र हायसं वाटलं. आता आपल्याला फार बोलावं लागणार नाही, हाच विचार पहिल्यांदा मनात आला.

मी बोलताना अडखळते. अगदी लहानपणापासून. शब्द प, क किंवा म ने सुरू होणारा असला की ओठ मिटतात ते मिटलेलेच राहतात. आत शब्द तयार असतो, अर्थ तयार असतो, आणि समोरचा माणूस माझ्या तोंडाकडे बघत असतो. गाणं म्हणताना असं होत नाही, लहान भाच्याशी खेळतानाही होत नाही. चारचौघांत हमखास होतं. त्यामुळे अडणारा शब्द लांबून येताना दिसला की वाट बदलायची मला सवय लागली होती. नाशिकला राहायला आले तेव्हा खोली पंचवटीत होती, पण बसमध्ये कंडक्टरला ‘पंचवटी’ म्हणता येईना, म्हणून मी जवळच्याच थांब्याचं नाव, ‘निमाणी’, सांगायचे आणि तिथे उतरून चालत यायचे.

अशा मुलीनं शिक्षिका व्हायचं कशासाठी ठरवलं, हे घरी बऱ्याच जणांना कळलं नाही. आमचं गाव लासलगावच्या जवळ. मी बी.एस्सी. करत असताना शेजारची मुलं विज्ञान विचारायला यायची. ओट्यावर त्यांच्यासोबत बसून समजावताना मला इतकं बरं वाटायचं, की दुसरं काही करावं असं मनातच आलं नाही. चुलत्यांनी काळजीपोटी आईला सांगितलं, की हिला एखादी कंपनीतली नोकरी बघू, नाशिकला अंबडच्या कारखान्यांत ओळख आहे, तिथं बोलायचं काम नसतं. आईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तिला शिकवायचंय ना, शिकवू द्या. बोलायला येळ लागला तर लागू द्या.” तेवढ्यावर माझा प्रवेश झाला.

तर मी स्मार्ट बोर्डच्या मागे लागले. चित्रं हलती कशी करायची, व्हिडिओ मध्येच कुठे थांबवायचा, बोर्डावर लिहिलेलं जपून कसं ठेवायचं, मोबाइलवर केलेली फाइल बोर्डावर कशी आणायची, सगळं शिकले. एका साधनात मुलांना छापलेली कार्डं द्यायची असतात. प्रश्न विचारला की मुलं कार्ड वर धरतात, कार्डाची जी बाजू वर असेल ते त्यांचं उत्तर. आपण मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कुणाचं बरोबर, कुणाचं चूक ते बोर्डावर दिसतं. हे तर मला फारच आवडलं, कारण त्यात शिक्षकाला तोंड उघडावंच लागत नाही. थोड्याच दिवसांत वर्गातल्या मुली केबल लागत नसली तरी मला हाक मारू लागल्या. माझं कौतुक होत होतं, आणि मी बोलत नाही हे कुणाच्या लक्षात येत नव्हतं.

एकदा मात्र फजिती झाली. तंत्रसाधनं शिकवणाऱ्या सरांनी बोर्डाला बोलून लिहायला लावायचं शिकवलं. आपण मराठीत बोलायचं, बोर्ड आपोआप टाइप करतो. प्रत्येकीनं पुढे येऊन एक वाक्य बोलायचं होतं. माझी पाळी आली. मी ठरवून सोपं वाक्य निवडलं होतं, पण ऐन वेळी त्यातलाही एक शब्द अडला. मी तो शब्द काढायच्या आत माइकचं चिन्ह बंद पडलं. पुन्हा दाबलं, पुन्हा बंद. सर म्हणाले, असू दे, नेट कमी असेल. नेट कमी नव्हतं हे त्यांनाही ठाऊक होतं. जागेवर येऊन बसले तेव्हा माझे कान तापले होते, आणि मी तेव्हाच ठरवलं, की शाळेत जाऊन घ्यायच्या सराव पाठात आपल्या आवाजाची गरजच पडू द्यायची नाही.

माझी खोलीतली मैत्रीण सुरगाण्याकडची. घरी ती तिकडच्या आदिवासींची कोकणी बोलते आणि वर्गात शुद्ध बोलायच्या धाकात असते. आवाज मात्र तिचा फार छान, स्वच्छ. मी सातवीच्या मुलांसाठी पाठ लिहून काढला आणि तिला तो वाचून रेकॉर्ड करून दे म्हटलं, म्हणजे तो आवाज मला व्हिडिओला लावता येईल. विषय शाळेनं दिला होता, परागीभवन. एका फुलाचे परागकण दुसऱ्या फुलापर्यंत कसे पोहोचतात आणि त्यातून बी कसं तयार होतं, ते शिकवायचं. पुंकेसर, परागकोश, परागकण, कुक्षी. त्या प्रकरणात माझ्यासाठी एकही शब्द सोयीचा नव्हता.

एका रविवारी दुपारी खिडक्या लावून, पंखा बंद करून आम्ही बसलो. बाहेर भंगारवाला ओरडला की थांबायचो, खालच्यांच्या कुकरची शिट्टी झाली की पुन्हा पहिल्यापासून. घामाघूम होऊन ते पूर्ण झालं. तिनं स्वतःचा आवाज पुन्हा पुन्हा ऐकला आणि बरा येतो गं माझा आवाज, असं म्हणून खूश झाली. मग तिनं विचारलं, “आणि मी बोलत असताना तू तिथं उभी राहून काय करणार?”

“बोर्ड चालवणार,” मी म्हटलं.

कॉलेजमधल्या विज्ञानाच्या मॅडमना पाठाचं टाचण आधी दाखवावं लागतं. शिक्षकानं काय करायचं त्या रकान्यात मी जिथे तिथे ‘व्हिडिओ दाखवणे’ असं लिहिलं होतं. मॅडमनी ते वाचलं, चष्मा काढला. मला वाटलं आता नाही म्हणतील. त्या एवढंच म्हणाल्या, की मुलं मध्येच प्रश्न विचारतील, तेव्हा काय करशील? मी म्हटलं, लिहून उत्तर देईन. त्यांनी सही केली. ती सही बघून सुटका झाल्यासारखं वाटलं, पण त्या सुटकेत काहीतरी टोचत होतं.

सराव पाठाची शाळा अंबडच्या बाजूला होती. वर्गातल्या बऱ्याच मुलांचे आईवडील कारखान्यात कामाला, आणि गावाकडे कुणाची ना कुणाची शेती. मी लवकर जाऊन बोर्ड लावून बघितला. मॅडम शेवटच्या बाकावर येऊन बसल्या. मी हसून नमस्कार केला, बोर्डावर ‘आज आपण परागीभवन शिकूया’ असं लिहिलं आणि व्हिडिओ सुरू केला.

सगळं ठरल्याप्रमाणे झालं. वीज गेली नाही, आवाज फुटला नाही, जास्वंदीचं फूल छान उलगडलं. मुलं गप्प बसून बघत होती. मी बाजूला उभी होते, आणि मला वाटत होतं की मी या वर्गात नाहीच आहे. माझा पाठ माझ्याशिवायच चालला होता.

मधल्या रांगेतल्या एका मुलीनं हात वर केला. मी व्हिडिओ थांबवला. ती म्हणाली, आमचं गाव देवळ्याकडे आहे, तिथे आजोबा कांद्याचे डोंगळे धरतात. डोंगळे म्हणजे बी काढण्यासाठी वाढू दिलेले कांद्याचे फुलांचे दांडे. त्यावर मधमाश्या बसतात, म्हणून आजोबा तिथं औषध मारू देत नाहीत. मग तिनं विचारलं, “मॅडम, माशी आलीच नाही तर कांदा स्वतःचं स्वतः बी धरणार नाही का?”

इतका चांगला प्रश्न मला अपेक्षित नव्हता. उत्तर मला पक्कं माहीत होतं. कांद्याच्या फुलात परागकण आधी तयार होतात आणि ते घेणारी कुक्षी मागाहून. म्हणून बहुतेक वेळा दुसऱ्या फुलाचे परागकण यावे लागतात, आणि ते माशी आणते. मी बोर्डाचं पेन उचललं आणि लिहू लागले. वाक्य लांबत गेलं. मागच्या बाकांवर चुळबूळ सुरू झाली. ती मुलगी मान वाकडी करून वाचायचा प्रयत्न करत होती आणि तिच्या चेहऱ्यावरची उत्सुकता हळूहळू ओसरत होती. ते मला बघवलं नाही. मी पेन खाली ठेवलं आणि तिच्याकडे वळून बोलायला लागले.

“कांद्याच्या” हा पहिलाच शब्द अडला. मी शेवटच्या बाकाकडे बघितलं नाही. एक मुलगा मदत म्हणून ‘कांदा, कांदा’ असं पुटपुटला. कुणीतरी हसलं, मग थांबलं. मी श्वास सोडला आणि जे आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं ते या मुलांना सांगितलं.

“माझा शब्द कधी कधी अडतो. येतो, पण वेळ लागतो. तुम्ही थांबाल का?”

“हो मॅडम,” मुलं म्हणाली. जणू मी खिडकी उघडू का असं विचारलं होतं.

आणि ती थांबली. मी कांद्याचं फूल बोर्डावर काढलं, आणि काढता काढता बोलत गेले. परागकण या शब्दाशी अडले, मुलं थांबली, शब्द आला. पुंकेसरला अडले, पुन्हा तसंच. वाट बदलायचं मी सोडून दिलं होतं, कारण त्या प्रकरणात दुसऱ्या वाटाच नव्हत्या. पुढे व्हिडिओ मी तुकड्या तुकड्यांनी दाखवला. थोडा मैत्रिणीचा आवाज, मग थांबवून माझा. मुलांनी विचारलं की उत्तर द्यायचं, नाही विचारलं तर मी विचारायचं. शेवटी कार्डं दिली. मोबाइल वर्गावरून फिरवला आणि बोर्डावर बरोबरच्या खुणा भराभर उमटत गेल्या. एकदोन मुलांचं चुकलं होतं. त्यांना मी तोंडानंच पुन्हा समजावलं.

तास संपल्यावर मॅडम पुढे आल्या. त्यांनी बोर्डावरचं अक्षर थोडं मोठं हवं असं सांगितलं, चित्र आवडलं म्हणाल्या, आणि कार्डांचा उपयोग नेमका झाला म्हणाल्या. बोलण्याबद्दल त्या काही बोलतील म्हणून मी वाट बघत होते. शेवटी मीच माझ्या अडखळण्याबद्दल विचारलं.

“शिकवताना मुलांचं लक्ष तुझ्याकडे होतं की नव्हतं?” त्यांनी विचारलं.

“होतं.”

“मग झालं तर,” त्या म्हणाल्या आणि पुढच्या मुलीच्या पाठाला गेल्या.

मी पाणी प्यायले. छातीवरचं काहीतरी उतरलं होतं. इतकी वर्षं ज्या क्षणाला मी घाबरत होते तो होऊन गेला होता आणि काहीही कोसळलं नव्हतं.

त्यानंतर माझं अडखळणं गेलं असं नाही. अजूनही अडते. पण पुढच्या प्रत्येक पाठात मी सुरुवातीलाच मुलांना सांगून टाकलं, आणि एकदा सांगितलं की निम्मा भार तिथेच हलका व्हायचा. बोर्ड मी आनंदानं वापरला. चित्रासाठी, मोजमापासाठी, जे डोळ्यांनी दिसत नाही ते दाखवण्यासाठी.

वार्षिक पाठाला बाहेरचे परीक्षक आले होते. मुलांना सांगितलं तेच मी त्यांच्यासमोर सांगितलं. एक जण काहीतरी लिहीत होते, ते लिहीतच राहिले. पाठ नीट झाला. बाहेर आले तर मैत्रीण जिन्यात उभी होती. कसा झाला असं तिनं नुसत्या भुवया उडवून विचारलं. मी म्हटलं, बरा झाला, भूक लागली आहे. आम्ही कोपऱ्यावर मिसळ खाल्ली. मग खोलीवर येऊन मी आडवी झाले ती अशी गाढ झोपले, की संध्याकाळी दिवे लागले तरी उठले नाही. मैत्रिणीनं भाताचा कुकर लावला आणि मला झोपू दिलं.