ताऱ्याचं पीठ

डॉक्टरांनी दादाला घरी पाठवलं, त्याच आठवड्यात मी दगड घासायचं मशीन आणलं. मी त्याचा बिनलग्नाचा, रिटायर्ड धाकटा भाऊ. विजय नगरच्या फ्लॅटमधली मागची खोली दादा-वहिनींनी मला दिलेली. माझ्या हातून काय काय होऊ शकतं, याचा अंदाज वहिनींना होता. त्या एवढंच म्हणाल्या, “भाऊजी, मिक्सरला हात लावू नका म्हणजे झालं.”

दगड दादाचा. सिंचन खात्यात असताना धारकडे कालवा खोदताना सापडलेला. लिंबाएवढा, मळकट, चुनखडीचा. कधीकाळी तिकडे समुद्र होता म्हणे, आणि हा त्यातला कुणी काटेरी प्राणी, मरून दगड झालेला. त्याच्या पाठीवर पाच पाकळ्यांचा तारा आहे, असं दादा म्हणायचा. आम्हाला नुसती माती दिसायची. आता दादाला तो तारा एकदा स्वच्छ बघायचा होता. दुसरं काही मागत नव्हता. जेवणसुद्धा नाही.

मशीन म्हणजे आडवा रबरी डबा. आत दगड, पाणी आणि घासायची भुकटी घालून झाकण लावायचं, की तो रात्रंदिवस सावकाश फिरत राहतो. दादाने पलंगावरून सूचना दिल्या. “हा नरम आहे. सोबत दुसरा दगड नको, प्लास्टिकचे दाणे घाल. भुकटी बारीकातली बारीक. रोज उघडून बघ. आणि जल्दी मत कर.”

जल्दी मत कर! त्याची मनगटं दिवसेंदिवस काडीसारखी होताना मी बघत होतो. बारीक भुकटीने महिना तरी लागला असता, आणि दादाकडे महिना नव्हता. मग मी अक्कल चालवली. एरवी मी अक्कल चालवायला लागलो की घरचे मेन स्विच बंद करतात, पण त्या दिवसांत कुणाचं लक्ष नव्हतं. मी जाड भुकटी घातली, आणि काम लवकर व्हावं म्हणून नर्मदाकाठचे चार टणक अकीक दगडही घातले, काचेवर ओरखडा काढणारे. म्हाताऱ्याला पहिलवानांच्या आखाड्यात सोडलं. रोज झाकण उघडायचं मात्र मुद्दाम टाळलं. दादाला एकदम तारा दाखवायचा होता ना!

घरभर खडखड. दादा पडल्या पडल्या ऐकायचा. एका दुपारी वहिनी त्याला पेज भरवत होत्या. त्याने चमचा बाजूला सारला.

“डब्यात काय काय घातलंयस?”

“तुझा दगड.”

“एकटा दगड एवढा भांडत नाही.” थोडा वेळ तो ऐकत राहिला. “आणि त्यातला एक आवाज बंद झालाय. उघड.”

डबा परातीत उपडा केला. चार अकीक, गोल गरगरीत. बाकी राखाडी चिखल. बोटांनी चाळता चाळता बोराच्या बीएवढा एक खडा लागला. तोही चिमटीत फुटला.

दादाने परात जवळ मागितली. एक बोट बुडवून अंगठ्याशी चोळलं. “छान दळलंस. बाफले कर याचे, डाळीत कुस्करून खाऊ.”

तो भिंतीकडे वळला. वळता वळता म्हणाला, “बाथरूममध्ये ओतू नकोस.”

मला वाटलं, त्याचा जीव अडकलाय त्यात, गटारात जायला नको म्हणतोय. ते मला सोसेना. परात डोळ्यांसमोर नकोच झाली. नेऊन सरळ बाथरूमच्या जाळीवर ओतली, वर बादलीभर पाणी.

त्याच आठवड्यात दादा गेला. तारा न बघताच.

त्याला मूल नाही, म्हणून अग्नी मी दिला. स्मशानातून आल्यावर पहिली अंघोळही माझीच. त्याशिवाय कशाला शिवायचं नाही. चार तांबे घेतले तोवर पाणी घोट्यापर्यंत चढलं. जाळी उचलून हात घातला, तर पाइपात सिमेंटसारखं काहीतरी घट्ट बसलेलं. तेव्हा डोक्यात उजेड पडला. दादा हळवा वगैरे झाला नव्हता. सिंचन खात्यातला माणूस गाळाबद्दल बोलत होता.

बाकीचे नातेवाईक बाहेर जिन्यात ताटकळत. चुलतभावाने दार वाजवलं. “भिया, अंदर क्या कर रिये हो? आम्हीपण दादाच्या मागोमाग जायचो!”

“तुंबलंय!”

“आजच?”

ओला पंचा नेसून, उकिडवा बसून, पडद्याच्या सळईने मी खोदत होतो. ढेकळं निघत होती. बादलीत टाकण्याआधी प्रत्येक ढेकूळ नळाखाली धरून बघत होतो. कशासाठी, ते विचारू नका. तेवढ्यात पाणी उंबरा ओलांडून हॉलमध्ये शिरलं. दादाला जिथे खाली ठेवलं होतं, तिथे पीठ पसरून दिवा लावलेला होता. पाणी थेट त्याच्याकडे निघालं.

वहिनी तो दिवा हातात घेऊनच बाथरूमच्या दारात आल्या.

“ओतू नका म्हणाले होते ना?”

“हो.”

त्यांनी बादलीकडे पाहिलं. “दिसला का कुठे?”

“नाही.”

त्यांनी हात पुढे केला. मी एक ढेकूळ त्यांच्या तळहातावर ठेवलं. ते दिव्याजवळ नेऊन त्यांनी सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिलं, नखाने थोडं खरवडलं, पुन्हा पाहिलं. मग माझ्या हातात परत दिलं.

“टाका बादलीत,” त्या म्हणाल्या. “लोक खोळंबलेत.”