अण्णांच्या गाडीचे कार्बन

लकवा मारला त्यानंतर थोडे दिवस अण्णांनी व्यायाम केला, मग सोडला तो सोडलाच. डॉक्टर म्हणाले होते, उजवा हात-पाय रोज हलवत राहिले तर काठी घेऊन तरी चालतील, न्हाई तर जन्म खाटेवर. पण आमचे वडील लई हट्टी. मी हात धरला की डोळे मिटून घ्यायचे. शेवटी वैतागून मी विचारलं, काय केलं म्हणजे हलवाल हात? त्यांनी डाव्या हातानं दारातल्या गाडीकडं बोट केलं.

गाडी जुनी, दोन सायलेन्सरची, किक अन् गिअर एकाच दांडीवर. तिच्यावरच ते शेळ्यांच्या सौद्यासाठी सिरसाळा, वडवणीचे बाजार करायचे. लकव्याच्या आधीपासूनच ती बंद पडून होती. मी म्हणलं, चालू करून दिली तर व्यायाम करणार का? त्यांनी मान हलवली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! आईनं तर तिथंच वैजनाथाला नारळ कबूल केला.

उजवीकडचं झाकण खोललं. डायनॅमोत कार्बनचे दोन छोटे तुकडे असतात. स्प्रिंग त्यांना फिरत्या आर्मेचरच्या तांब्यावर दाबून धरते, तेव्हा कुठं बॅटरी चार्ज होते. ते तुकडे झिजून नखाएवढे राहिले होते. अन् कार्बन तरी कसले? टॉर्चच्या संपलेल्या सेलातली काळी कांडी, कानशीनं घासून बसवलेली. आमच्याकडं सगळेच हे करायचे. दुकानात जायचं कावून, सेल तर घरात पडलेलाच हाय! अण्णांना त्या कारागिरीची कोण घमेंड. ती कांडी टणक असते, तांबं खाते, हे कुणी ध्यानातच घेतलं न्हाई. तांब्यावरचे चरे मला दिसले होते. पण नवे कार्बन बसले की भागेल, अशी मी माझी समजूत घातली.

नवे कार्बन परळीतून आणले. वीज केंद्राची राख वाहणाऱ्या टिप्परांमागून जाऊन आलो, तोंड धुतलं तर पाणी काळं निघालं. कार्बन बसवले, चार्ज करून आणलेली बॅटरी जोडली, अण्णांची खाट दाराशी ओढली. दोन-चार किका मारल्यावर गाडी उठली. रेस दिली तसा चार्जिंगचा लाल दिवा विझला. आई पदर डोळ्याला लावून रडायलाच लागली. मी अण्णांना म्हणलं, आता उद्यापासून चालढकल न्हाई. ते गाडीकडं बघत होते, माझ्याकडं न्हाई. तेवढ्यात आत करकर आवाज झाला अन् लाल दिवा परत लागला. झाकण काढून बघतो तर तांब्याच्या चऱ्यांत अडकून नवे कार्बन पार फुटलेले.

आर्मेचर काढलं, पिशवीत घातलं अन् परत परळी गाठली. लेथवाल्या मिस्त्रीनं ते हातात फिरवून बघितलं. म्हणाला, "हे तुमच्या वडिलांचं ना? मागं मीच घासून दिलतं. तवाच सांगितलं व्हतं, आता तांबं राहिलं न्हाई, हे पुन्हा होणार न्हाई. म्हणूनच तर त्यांनी गाडी लावून टाकली."

असलं दुसरं कुठं मिळेल का विचारलं, तर भंगारात बघा म्हणाला अन् आपल्या कामाला लागला. मी भंगारातही बघितलं. न्हाई मिळालं.

सगळ्या रस्त्यानं डोकं तापत गेलं. घरी येऊन पिशवी खाटेशी टाकली अन् उभ्या उभ्याच विचारलं, "अण्णा, ही गाडी होणार न्हाई हे तुमाला ठाऊक व्हतं?"

लकव्यानं त्यांची जीभ जड झाली होती. एकेक शब्द ओढून काढावा लागायचा.

"व्हतं," ते म्हणाले. मग थांबून म्हणाले, "वाटलं... तू दमशील... नाद सोडशील."

मला इतका राग आला की त्यांना गदागदा हलवावं वाटलं, अन् त्याच वेळी रडूही आलं. काय झालं म्हणून आईनं आतून विचारलं. मी काही न्हाई म्हणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीनं खाटेजवळ गेलो. मला बघून त्यांनी डोळे मिटले. मी त्यांचं पांघरूण नीट केलं अन् त्यांच्या हाताला हात न लावता शेताकडं निघून गेलो.