जावेदची हाक

भिवंडीला मी पहिल्यांदा गेलो तो रिटायर झाल्यावर. पण तिथल्या हातांची बोली मला आधीच येत होती. ती मी बर्फात शिकलो, लान्स नायक जावेदकडून.

आमची पोस्ट उत्तरेला, उंचावर होती. वारा सुटला की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नसे आणि वॉकीटॉकीत नुसती खरखर. मी सेक्शन कमांडर, साताऱ्याकडचा. जावेद भिवंडीच्या निजामपुऱ्याचा, पॉवरलूमवर राबणाऱ्या बापाचा मुलगा. तो म्हणाला, "हवालदारसाब, आमच्याकडं बारा महिने असाच आवाज हाय. तोंडानं बोलतंय कोण?"

लूमच्या खडखडाटात कामगार हातांनी बोलतात. फौजेतही इशारे असतात, पण ते हुकमापुरते. जावेदच्या इशाऱ्यांत चहा होता, टिंगल होती, कंपनी कमांडरची नक्कल होती. थोड्याच दिवसांत अख्खं सेक्शन न बोलता एकमेकांची उणीदुणी काढायला लागलं.

एका सकाळी आम्ही सहा जण गस्तीवर निघालो. जावेद पुढे, बाकीचे अंतर राखून मागे. उतारावर तो अचानक वळला. आधी मूठ वर केली, म्हणजे हॉल्ट. मग छातीसमोर दोन बोटं जोडून झटक्यात फाकवली, म्हणजे धागा तुटला. शेवटी दोन्ही तळवे आमच्या दिशेने ढकलले. बिघडलेल्या लूमजवळ कोणी गेलं की कामगार असं करतात: हात घालू नकोस, मागे हो. त्याच्या पायाखाली बर्फाला चीर गेली होती. नुसता हॉल्ट दिला असता तर आम्ही त्याला ओढायला धावलो असतो. आम्ही मागे सरलो. उतार त्याला घेऊन खाली गेला.

खडकाच्या आडोशाला वॉकीटॉकी लागला आणि पोस्टवरून विचारणा आली.

"अल्फा, रिपोर्ट."

"अ‍ॅव्हलांच. पाच सेफ. एक मिसिंग. ओव्हर."

दुसऱ्या दिवशी जावेदचा देह सापडला. त्याला घरी पोचवायला दुसरे लोक गेले. आम्हाला पोस्ट सोडता येत नव्हती. पुढे मी त्याच्या वडिलांना फोन करून पाहिला, पण लूमने त्यांचे कान कधीच नेले होते. जावेद मला फार आवडायचा. अजूनही मनात त्याच्याशी बोलतो तेव्हा माझे हात हलतात आणि बायको हसते.

यंदा त्याच्या बहिणीचा, शबानाचा फोन आला. "भाऊ, एकदा येऊन जावा. अब्बांच्या मनातनं एक गोष्ट जातच न्हाय. त्यांना वाटतं, भाईनं हाका मारल्या आनी वाऱ्यात कुनाला ऐकूच गेल्या न्हाईत."

मी निघालो. ठाण्याकडून येताना पूर्णा, दापोडे, सगळीकडे गोदामंच गोदामं. देशात कुणी काहीही मागवलं तरी ते आधी इथे मुक्काम करत असावं. ट्रकांची रांग आमच्या कॉन्व्हॉयसारखीच, फक्त इथे प्रत्येक ड्रायव्हर स्वतःला कॉन्व्हॉय कमांडर समजतो. रिक्षावाल्याने माझी चाल पाहून विचारलं, "फौजी हो क्या? बसा, बसा." आणि पैशाचं नाव न काढता निजामपुऱ्यात सोडलं. तिथे दारादारातून खडखडाट येत होता आणि कापसाचे तंतू लोकांच्या भुवयांवर बसले होते. शहर दिसायला काही देखणं नाही, पण मला ते पहिल्या तासात आवडलं.

जावेदचे वडील, अब्दुलचाचा, शिफ्टवर होते. शबानाने मला थेट कारखान्यात नेलं आणि त्यांच्या कानाशी ओरडून माझं नाव सांगितलं. त्यांनी मान हलवली: ऐकू येत नाही.

मी पिशवी खाली ठेवली आणि हात वर केले. मूठ. मग दोन बोटं, झटक्यात फाकवलेली. मग दोन्ही तळवे.

चाचा माझ्या हातांकडे पाहत राहिले. त्यांनी इशाऱ्याने विचारलं, कोणी? मी मिशीला पीळ दिल्यासारखं केलं; जावेद स्वतःला असंच दाखवायचा. त्यांनी विचारलं, त्याच्या मागे कितीजण होतात? मी पाच बोटं दाखवली आणि हात स्वतःच्या छातीवर ठेवला.

त्यांनी आपला लूम बंद केला. पलीकडच्या कामगाराने हातानेच विचारलं, काय झालं? चाचांनी हातानेच सांगितलं. त्याने पुढच्याला सांगितलं. एकेक लूम थांबत गेला. एक उत्तरेकडचा कारागीर म्हणाला, "क्या बात है चाचा, जावेद ने अपनी बोली फौज को सिखा दी?" दोघेतिघे हसले. चाचाही हसले आणि गळ्यातल्या गमछ्याने डोळे पुसू लागले.

मग कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तसं, खूप मोठ्याने त्यांनी मला विचारलं, "म्हंजे त्याची हाक पोचली?"

"पोचली, चाचा," मी त्यांच्याहून मोठ्याने म्हणालो. "पाचही जणांना पोचली. पाचही जण आज आपापल्या घरी आहेत."

या खेपेला त्यांना ऐकू गेलं. ते लेकीकडे वळले.

"ऐकलंस, शबाना? पाच घरं."