लादीवरून उठायची विद्या

गाव सोडला त्या सकाळी बापाने माझा दंड चाचपून बघितला. बाजारात बैल घेताना चाचपतात तसा. एस.टी. वडाखाली येऊन उभी, आई पदराआड रडतेय, आणि हा माणूस माझं मनगट, खांदा, पोटरी दाबून बघतोय. मग म्हणाला, "ह्येच्यावरच जगूचा आसा तुका." एवढंच. पाठीवरून हात वगैरे काही नाही. मी टपावर बोचकं टाकलं आणि लालबागला काकाच्या खोलीत येऊन पडलो.

तुम्ही गावी राहिलेले आणि माझ्यासारखे इथे आलेले, सगळेच मागे लागलात की तात्या, मंडळाच्या अंकात काहीतरी लिहा. माझं शिक्षण चौथी. मी लिहितो तसंच छापा, कुणी सुधारायला जाऊ नका.

बाप खोटं बोलला नाही. अंगावरच जगलो. गिरणीत कापड विणायच्या साच्यांपुढे उभं राहून पाय खांबासारखे झाले. गिरणी बंद पडली तेव्हा रे रोडच्या वखारीत लाकडं वाहिली. संध्याकाळी व्यायामशाळेत जोर-बैठका. पण ह्या अंगाच्या आत काय आहे ते कधी मनात आलं नाही. बैलाला तरी कुठे ठाऊक असतं? मला ते म्हातारपणी कळलं, आणि शिकवलं शेजारच्या परबांच्या मृणालने.

ती परळच्या एका कॉलेजात फिजिओ शिकते. मोडलेल्या, आखडलेल्या माणसांकडून व्यायाम करून घ्यायचे आणि त्यांना चालतं करायचं, असं ते शिक्षण. पहिल्या वर्षाला तिने कुठल्याशा सीनियरकडून हाडांची पेटी आणली. खरी, माणसाची हाडं. तिची आई, परबीण, दारातच आडवी उभी राहिली. घरात देव्हारा आहे, आणि हा कोण कुणाचा, बाई की बाप्या, कशाने मेला, काय ठाऊक. पोर पेटी घेऊन गॅलरीत उभी, रडकुंडीला आलेली. मी म्हटलं, ठेव माझ्या कॉटखाली. आमची ही जाऊन वर्षं झाली होती. नितीन, माझा मुलगा, बायकोपोराला घेऊन ठाण्याच्या पुढे राहायला गेलेला. खोलीत मी एकटा. म्हटलं, तेवढीच सोबत.

मग काय, रोज संध्याकाळी माझ्या खोलीत शाळा. ती एकेक हाड काढायची, इंग्रजीत नाव घोकायची, आणि मी तेच हाड माझ्या अंगावर शोधायचो. मांडीच्या पुढच्या बाजूला चार स्नायू असतात, चौघे मिळून एकच दोरी ओढतात, ती गुडघ्याच्या वाटीवरून खाली नडगीला बांधलेली. माणूस बसलेला उठतो तो त्या चौघांच्या जोरावर. एवढ्या वर्षांत लाखभर बैठका मारल्या असतील मी, पण त्या चौघांची ओळख कुणी करून दिली नव्हती.

एकदा तिने दंडाचं हाड माझ्या हातात दिलं आणि मधोमध बोट फिरवायला सांगितलं. तिथे खरखरीत उंचवटा होता. म्हणाली, स्नायू तिथे चिकटतो आणि जन्मभर ओढतो, म्हणून हाड असं वर येतं. मांस गेलं, कातडी गेली, नाव-गाव गेलं, आणि ओढल्याची खूण तेवढी राहिली. त्या दिवशी ती गेल्यावर मी ते हाड बराच वेळ हातात धरून बसलो. कुठला असेल? कुठल्या वडाखालून निघाला असेल? घेऊन जायला कुणी आलंच नसेल, म्हणून तर पेटीत आला. तुम्ही हसाल, पण त्या दिवसापासून चहा करताना मी त्याच्याशी दोन शब्द बोलायला लागलो. बोलायला दुसरं होतं कोण? पूर्वी आमच्या चाळीत दारं लागत नसत. आता निम्म्या खोल्या भाड्याने दिलेल्या, दार बंद, आत ए.सी. करी रोडच्या टॉवरांत कोण राहतं ते कळत नाही असं आम्ही म्हणायचो. आता आमच्याच गॅलरीत कोण राहतं ते कळत नाही.

गेल्या वर्षी, भर दुपारी, मी मोरीत पडलो.

पाय सरकला आणि कुशीवर आपटलो. लागलं फार नाही, पण उठता येईना. व्यायामशाळेतल्यासारखे दोन्ही हात टेकून जोर लावला. छाती उचलली, कंबर आली नाही. परत लावला. तिसऱ्या वेळेला छातीही उचलेना. हाक मारली असती तर कुणीतरी आलं असतं. मारली नाही. ज्याने वखारीत लाकडं उचलली त्याने मला उचला म्हणून ओरडायचं? तसाच पडून राहिलो. मोरीच्या लादीचा गारवा हाडात शिरतो म्हणजे काय ते तेव्हा कळलं.

संध्याकाळी मृणाल नेहमीसारखी आली तेव्हा सापडलो. तिने आधी कुठे दुखतंय ते विचारलं, उशी दिली, मग आपल्या बापाला बोलावून आणलं. हाड मोडलं नव्हतं. पण नितीन धावत आला आणि एकदम शेवटचं बोलला. "बाबा, आता बास. आमच्याकडे चला. हट्ट पुरे झाला."

मी म्हटलं, येत नाही. दिवाळीला ये. तुझ्यासमोर लादीवर बसतो आणि कुणाचा हात न घेता उठून दाखवतो. नाही उठलो तर त्याच दिवशी तुझ्या गाडीत बसतो. उठलो तर पुन्हा हा विषय काढायचा नाही. सुनेने नवऱ्याकडे बघितलं. नितीन म्हणाला, बरं.

जावयाच्या घरी राहू नये तसं मुलाच्याही घरी राहू नये, असं माझं म्हणणं नाही. पण ह्या खोलीत मी भाकरी मिळवून खाल्ली आहे. तिथे मला ताट वाढलेलं मिळणार. हा फरक ज्याला कळतो त्याला कळतो.

दुसऱ्या दिवशी मृणालने लादीवर चटई घातली आणि म्हणाली, जोर लावून नाही उठायचं तात्या. आधी कुशीवर वळायचं, कोपरावर यायचं, मग चार पायांवर. रांगत कॉटपर्यंत जायचं, हात कॉटवर ठेवायचे, चांगला पाय पुढे टाकायचा आणि मग त्या मांडीतल्या चौघांना कामाला लावायचं. मी म्हटलं, रांगणार नाही. मी काय तान्हं पोर आहे?

"मग बसा मोरीत," ती म्हणाली आणि चटई गुंडाळून गेली.

दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही, ती माझ्याशी. तिसऱ्या दिवशी तिने दारातूनच विचारलं, "तात्या, न रांगता कोण उभं राहिलंय हो आजपर्यंत?" दार लोटून घेतलं आणि रांगलो. गुडघ्याच्या वाट्या लादीवर टेकल्या तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, ते दुखण्याने नाही.

मग रोज. पडायचं आणि उठायचं. पडायची तालीम करणारा लालबागमध्ये मी एकटाच असेन. हळूहळू मांडी भरायला लागली. बोटाने दाबून बघायचो, बापाने बघितली तशी.

दिवाळीला नितीन, सून आणि नातू आर्यन आले. फराळ झाला. मी म्हटलं, बघा आता. आणि लादीवर आडवा झालो. कुशीवर वळलो, कोपरावर आलो. सुनेसमोर रांगलो. नातू हसला, त्याला आईने दटावलं. कॉटवर हात ठेवले, उजवा पाय पुढे घेतला, आणि तिथे अडकलो. मांडीतले चौघे ओढेनात. खाली जाणार असं वाटलं, तेवढ्यात नितीनचा हात पुढे आला. माझ्या नाकासमोर त्याचा तळवा. रुंद, आखूड अंगठ्याचा, हुबेहूब माझा. कॉम्प्युटरवर काम करतो म्हणून मऊ, एवढंच. तो लहानपणी रस्ता ओलांडायला माझं बोट धरायचा, त्यानंतर तो हात इतका जवळून मी बघितलाच नव्हता.

"हात काढ," मी म्हटलं.

त्याने काढला. मी उठलो.

सगळे खूश झाले. नातवाने टाळ्या वाजवल्या. नितीन म्हणाला, मानलं बाबा. शब्दाला जागला तो, पुन्हा चला म्हणाला नाही. चप्पल घालताना सून त्याला सहज म्हणाली, मग ती मधली खोली आता आर्यनला अभ्यासाला देऊया का, बाबांसाठी कॉट आणलीय ती बाजूला काढू. मला ठाऊकच नव्हतं की तिथे माझ्यासाठी खोली ठेवली होती. कॉटही आणून ठेवली होती.

आता तुम्ही विचारता, तात्या, तुमचं घर कुठलं? गावचं घर तुम्ही सांभाळता. तिथे मी पाहुणा, पितळेच्या तांब्यातून पाणी देता मला. मुलाच्या घरी माझी खोली होती, ती आता नातवाची झाली. राहिली ही लालबागची लादी. इथून मला कुणी हलवू शकत नाही, हे मी मांडीच्या जोरावर कमावलंय आणि त्याचा मला अभिमान आहे. घर म्हणजे जिथे पडलो तर आपलं आपण उठायचं ती जागा, असं मी मृणालला म्हटलं. ती हाडं पेटीत भरत होती, पुढच्या वर्षी येणाऱ्या कुणा पोराला द्यायला.

ती जायला निघाली तेव्हा मी विचारलं, दुसऱ्याचा हात धरून उठलं तर चालतं का गं? म्हणजे शास्त्राप्रमाणे?

चालतं की, म्हणाली. त्याचीही रीत असते. पंजा ओढायचा नाही, खांदा दुखावतो. एकमेकांचे हात कोपराजवळ धरायचे. आणि उठवणाऱ्यानेही गुडघे वाकवून खाली यायचं, नुसतं वरून ओढायचं नाही. तिने मला दोनदा करून दाखवलं. माझा हात तिच्या कोपराला, तिचा माझ्या.

तेही मी शिकून ठेवलंय. नितीनबरोबर करून बघायचं राहिलंय.